खाऱ्या मातीतील बहुवर्षायू फुलबाग

थंड हवेच्या देशांत उद्यानविद्येवर जी पुस्तके लिहिली गेली आहेत, त्यांत ‘हार्डी जिरेनियम’ या फुलझाडाला मानाचे स्थान आहे. एकदा लावले की वर्षानुवर्षे त्याच जागी फुलणारे, निगा फारशी न मागणारे आणि मोठ्या झाडांखालची उघडी माती झाकून टाकणारे झाड म्हणून त्याची शिफारस केली जाते. अशी बाग मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीलगतच्या मीरा-भाईंदर शहरातील नवघर परिसरात फुलवता येईल का, या प्रश्नाचे सरळ उत्तर नकारार्थी आहे. मात्र या नकाराची कारणे नीट समजून घेतली, तर नवघरच्या मातीत त्याच गुणांची कोणती झाडे टिकतील आणि ती कशी वाढवावीत, हेही आपोआप उलगडत जाते.

प्रथम एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील रोपवाटिकांत हिवाळ्यात लाल-गुलाबी गुच्छांची जी कुंडीतील रोपे ‘जिरेनियम’ म्हणून विकली जातात, आणि सुगंधी तेलासाठी राज्यातील काही शेतकरी ज्या जिरेनियमची लागवड करतात, ती दोन्ही झाडे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ‘पेलार्गोनियम’ या प्रजातीतील असून त्यांचे मूळ प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेत आहे. लिनियसने 1753 मध्ये या सर्वांना एकाच नावाखाली ठेवले होते. पुढे 1789 मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने पेलार्गोनियम वेगळे काढले, तरी बाजारात जुने नावच चालू राहिले. खऱ्या जिरेनियमच्या फुलाला सारख्या आकाराच्या पाच पाकळ्या असतात, तर पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिन्हींहून वेगळ्या दिसतात, एवढ्या खुणेवर दोहोंतील फरक ओळखता येतो.

खरे जिरेनियम भारताला परके नाही. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यातील ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ला जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्या मराठी गिर्यारोहकांनी तेथील उतारांवर ‘जिरेनियम वॉलिचियानम’ ही जांभळट फुलांची जाती पाहिलेली असते, आणि आज इंग्लंड-अमेरिकेतील बागांत सर्वाधिक लावल्या जाणाऱ्या वाणांपैकी ‘रोझान’ हा निळा-जांभळा वाण याच हिमालयीन जातीच्या आणि ‘जिरेनियम हिमालयेन्स’च्या संकरातून जन्मला आहे. या झाडाचे वर्षभराचे चक्र मात्र थंडीशी बांधलेले असते: हिवाळ्यात वरचा पाला वाळतो, जमिनीलगतचा जाड बुंधा, ज्याला मुकुट म्हणतात, तो विश्रांती घेतो आणि वसंतात त्यातून नवे फुटवे येतात. मुंबईत आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान 22 जानेवारी 1962 रोजीचे 7.4 अंश सेल्सिअस हे आहे. म्हणजे या झाडाला हवी असलेली विश्रांती येथे कधी मिळतच नाही. त्याउलट पावसाळ्यातील रात्रीही पारा 25 अंशांच्या आसपास राहतो, दिवसा पानांनी तयार केलेले अन्न रात्रीच्या श्वसनात संपत जाते आणि ओल्या, उबदार मातीत मुकुट कुजतो. त्यामुळे परदेशातून बी मागवून किंवा पहाडी रोप आणून नवघरला लावण्याचा खटाटोप टाळणेच योग्य होय. ज्यांची मुले-भावंडे ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागात स्थायिक झाली आहेत, त्यांनी त्यांना हे झाड अवश्य सुचवावे. तेथे ते वसंतात किंवा शरदात लावावे, पहिला बहर ओसरताच पाला जमिनीलगत कापून पाणी द्यावे म्हणजे ताजा पाला आणि अनेकदा दुसरा बहर येतो, आणि तीन-चार वर्षांनी गड्डा उपटून त्याचे भाग करून पुन्हा लावावे.

यातून नवघरच्या बागायतदाराने उचलण्याजोगे सूत्र असे की, बहुवर्षायू झाडाचा कणखरपणा तेथील सर्वांत कठीण ऋतू ते कसे पार करते यावर ठरतो. नवघरला कठीण ऋतू एक नसून दोन आहेत: जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत सुमारे 2,000 ते 2,500 मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि मुळे पाण्यात राहतात, तर त्यानंतरचे आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. या दोन्ही टोकांत तग धरणारी झाडे बहुतेक कांद्यांची, गड्ड्यांची किंवा काष्ठमय बुंध्यांची असतात, कारण अडचणीच्या काळात माघार घेण्यासाठी त्यांना जमिनीखाली साठा असतो.

झाडे निवडण्याआधी मातीचा विचार करावा लागतो, आणि या विषयाचा खरा गाभा येथेच आहे. भाईंदरच्या आसपास खाडीकाठी मिठागरे होती व काही आजही आहेत. त्यांच्या जोडीला भातखाचरे होती. 1985 मध्ये नगरपरिषद आणि 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका अस्तित्वात येईपर्यंत व त्यानंतरही या सखल जमिनीवर मुरूम, दगडमाती आणि बांधकामाचा राडारोडा टाकून इमारती उभ्या राहिल्या. त्यामुळे गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील कुंपणभिंतीलगतच्या पट्ट्यात खणले असता, वर वीतभर भरावाची माती, तिच्याखाली विटांचे तुकडे व सिमेंटचे ढेकूळ आणि त्याखाली चिकट, काळसर, खारी माती असा थर अनेक ठिकाणी लागतो. सिमेंट व चुन्यामुळे वरची माती अल्कधर्मी होते, म्हणजे तिचा सामू वाढतो आणि झाडाला लोह मिळेनासे होऊन कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. तर खालच्या थरातील क्षार उन्हाळ्यात वर चढतात.

क्षार वर चढण्याची ही क्रिया समजली की निम्मे काम झाले असे म्हणता येईल. पावसाळ्यात भरपूर पाणी खाली झिरपते तेव्हा विद्राव्य क्षार त्याच्याबरोबर खोल जातात आणि सप्टेंबरपर्यंत वरची माती बरीच गोडी होते. पाऊस थांबला की पृष्ठभागावरचे पाणी उडून जाऊ लागते, मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून खालचे पाणी केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, वर येते, आणि पाण्याची वाफ झाल्यावर क्षार मात्र वरच उरतात. एप्रिल-मेमध्ये मातीवर दिसणारी पांढरी पापडी आणि पानांची करपलेली टोके ही या क्रियेची खूण होय. म्हणून नवघरच्या बागेतील वर्षातील सर्वांत महत्त्वाचे काम जूनमधील लागवड नसून ऑक्टोबरमधील आच्छादन आहे: जमीन ओली असतानाच वाळलेला पाला, भाताचा पेंढा किंवा नारळाच्या झावळ्यांचे तुकडे यांचा पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा थर झाडांभोवती पसरावा, आणि तो खोडाला चिकटू देऊ नये. आवारातील विलायती शिरीष, बदाम, सोनमोहर या झाडांचा पाला झाडून कचऱ्यात टाकण्याची रीत सर्वत्र आढळते. तो पाला म्हणजे या मातीचे औषध आहे आणि तो आवाराबाहेर जाऊ देणे ही बागेची सर्वांत मोठी उधळपट्टी आहे.

पाणी देण्याची पद्धतही याच कारणाने बदलावी लागते. रोज संध्याकाळी नळीने वरवर शिंपडलेले पाणी दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोहोचते, लगेच उडून जाते आणि जाताना क्षार मागे ठेवते. त्याऐवजी चार-पाच दिवसांनी, पण वीतभर खोल ओल जाईल इतके पाणी एकदम द्यावे. खाडीलगतच्या बोअरवेलचे पाणी अनेकदा मचूळ असते. पिण्याच्या पाण्याची टंचाई असताना फुलझाडांसाठी दुसरे पाणी मागणे योग्य नसल्याने, जेथे तेच पाणी वापरावे लागते तेथे क्षार सोसणारीच झाडे लावावीत आणि कुंड्यांत पावसाळ्यात मोकळेपणाने पाऊस पडू देऊन साचलेले क्षार धुऊन काढावेत. कोकोपीट वापरणाऱ्यांनी ते आधी दोन-तीन पाण्यांत भिजवून पिळून घ्यावे, कारण न धुतलेल्या कोकोपीटमध्येही मीठ असते आणि चांगल्या मातीत ते मिसळून खारेपणा वाढवण्याची चूक सहज होते.

मोठ्या आवारात बाग करणाऱ्या संस्थांनी माती तपासून घ्यावी. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांच्या प्रमाणाचे माप, दर मीटरला 4 डेसिसायमनपेक्षा अधिक आली, तर ती जमीन क्षारयुक्त समजली जाते. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्र किनाऱ्यावरील अशाच जमिनींवर काम करते आणि डहाणू तालुक्यातील कोसबाड टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. अशा संस्थांचे मार्गदर्शन शेतीपुरतेच आहे असे समजण्याचे कारण नाही. जिप्सम टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो सर्वत्र लागू पडत नाही: चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटून माती घट्ट झाली असेल तेव्हा जिप्सममधील कॅल्शियम त्याची जागा घेते आणि मोकळा झालेला सोडियम पावसाने धुतला जातो, पण पाणी निचरून जायला वाटच नसेल, तर जिप्समचा उपयोग होत नाही. म्हणून पहिला उपाय गादीवाफ्याचा. जमिनीपेक्षा वीस ते तीस सेंटिमीटर उंच वाफा करून त्यात दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग पालापाचोळ्याचे खत भरावे, व वाफ्याच्या कडेने पाणी वाहून जाईल असा चर ठेवावा.

आता झाडांकडे वळता येईल. हार्डी जिरेनियमचे सारे गुण नवघरच्या हवेत एकाच झाडात शोधायचे झाले, तर ते झाड स्पायडर लिली होय. ‘हायमेनोकॅलिस लिटोरॅलिस’ असे शास्त्रीय नाव असलेली ही वनस्पती मूळची मेक्सिको ते उत्तर दक्षिण-अमेरिकेच्या किनाऱ्यावरची असून, पालघर जिल्ह्यातील शेतकरी तिच्या न उमललेल्या कळ्यांच्या जुड्या बांधून दादरच्या फुलबाजारात पाठवतात. हारांमध्ये जी लांबट पांढरी कळी ‘लिली’ म्हणून ओवली जाते ती हीच. शहरात ती रस्तादुभाजकांवर सर्वत्र दिसते, आणि म्हणूनच कदाचित हौशी बागायतदार तिच्याकडे दुर्लक्ष करतात. हे दुर्लक्ष अन्यायाचे आहे, कारण सहा बारीक, लांब पाकळ्या आणि त्यांच्या मध्यभागी पुंकेसरांना जोडणारा पातळ पडद्याचा पेला असलेले हे फूल संध्याकाळी उमलते तेव्हा मंद सुगंध देते, आणि पन्नास-साठ फुलझाडांतही खारे पाणी, साचलेला पाऊस व कडक ऊन ही तिन्ही संकटे इतक्या सहजपणे सोसणारे दुसरे झाड क्वचितच सापडेल.

स्पायडर लिलीचे कांदे मे महिन्याच्या अखेरीस किंवा पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर लावावेत. कांद्याची मान मातीच्या पातळीवर राहील इतक्याच खोलीवर तो ठेवावा आणि दोन कांद्यांत 45 ते 60 सेंटिमीटर अंतर सोडावे. सुरुवातीला हे अंतर फार वाटते, पण दोन वर्षांत पिलकांदे, म्हणजे मूळ कांद्याच्या बाजूने येणारे लहान कांदे, मधली जागा भरून टाकतात. सहा-सात तास ऊन मिळाल्यास फुले अधिक येतात. इमारतीच्या सावलीत पाने हिरवीगार राहतात, पण दांडे कमी निघतात. फुले संपलेला दांडा मुळाशी कापावा, पिवळी पाने हाताने ओढून काढावीत, आणि वर्षातून दोनदा, जूनमध्ये व ऑक्टोबरमध्ये, प्रत्येक ठोंबाला दोन ओंजळी शेणखत द्यावे. चार-पाच वर्षांनी ठोंब दाट होऊन फुले रोडावली की, मे महिन्यात तो पूर्ण उपटून कांदे वेगळे करावेत, कुजलेले टाकून द्यावेत आणि जोमदार कांदे नव्या खतमातीत लावावेत.

या झाडाचा एकच मोठा शत्रू आहे आणि तो पावसाळ्यात येतो. ‘पॉलिटेला ग्लोरिओसी’ या पतंगाच्या काळ्या अंगावर पांढरे ठिपके व लालसर-पिवळ्या खुणा असलेल्या अळ्या पानांच्या खालच्या बाजूला गटाने राहतात आणि काही दिवसांतच संपूर्ण ठोंब पोखरून मुळापर्यंत जातात. जूनच्या अखेरीपासून दर तीन-चार दिवसांनी पाने उलटून पाहावीत. अंड्यांचे पुंजके किंवा बारीक अळ्या दिसताच ते पान कापून साबणाच्या पाण्यात बुडवावे. अळ्या मोठ्या झाल्यावर फवारणी करण्यापेक्षा लहान असताना हाताने वेचणे कितीतरी परिणामकारक ठरते. निंबोळी अर्काची फवारणी केवळ सुरुवातीच्या अवस्थेतच उपयोगी पडते. कांद्यात लायकोरिन हे विषारी द्रव्य असल्याने लहान मुले व पाळीव प्राणी कांदे तोंडात घालणार नाहीत याची काळजी घ्यावी, आणि विभागणी करताना हातमोजे घालावेत.

वाफ्याच्या कडेला पावसाळी लिली लावल्यास स्पायडर लिलीला तिच्याच कुळातील ठेंगणी सोबत मिळते. गुलाबी व पांढऱ्या फुलांच्या या लहान कांद्यांना उन्हाळ्यात पाणी तोडून पूर्ण विश्रांती द्यावी, म्हणजे पहिल्या पावसानंतर काही दिवसांतच सगळी फुले एकदम उमलतात. वर वर्णिलेल्या अळ्या हिच्यावरही येतात.

ज्या कोपऱ्यात पावसाचे पाणी दोन-दोन दिवस साचते, गच्चीच्या पाइपाचे तोंड जेथे उघडते, अशी जागा बहुतेक आवारांत असते व तेथे भराव टाकण्याचा विचार प्रथम सुचतो. त्याऐवजी तेथे कर्दळ लावावी. कर्दळीची मुळे पाण्याने भरलेल्या मातीतही तग धरतात, आणि याच गुणामुळे सांडपाणी नैसर्गिक पद्धतीने शुद्ध करण्यासाठी तयार केलेल्या पाणथळ वाफ्यांत तिचा उपयोग केला जातो. फुललेला दांडा पुन्हा फुलत नसल्याने तो मुळाशी कापावा, आणि पान गुंडाळून आत राहणारी अळी दिसल्यास ती गुंडाळी उघडून काढून टाकावी. त्याच ओल्या जागेत दुपारची सावली असेल, तर सोनटक्का अधिक शोभतो. त्याचे गड्डे मेमध्ये दोन-तीन डोळे राहतील असे कापून, एक दिवस सावलीत सुकवून, पाच सेंटिमीटर खोल आडवे लावावेत. फुले पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात. प्रत्येक फूल जेमतेम एक दिवस टिकते, परंतु एका कणसात ती क्रमाने उमलत राहिल्याने सुगंध कित्येक दिवस दरवळतो. सोनटक्का खारेपणा सोसत नाही, म्हणून त्याला गादीवाफ्याच्या गोड्या मातीचा आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्याचाच आधार द्यावा. उपटलेले जादा गड्डे नाल्यात किंवा खाडीत टाकू नयेत, कारण हवाईसारख्या बेटांवर आणि ब्राझीलमध्ये हीच वनस्पती ओढ्यांच्या काठांवर पसरून स्थानिक झाडांना हटवू लागली आहे.

उंच व कोरड्या वाफ्यासाठी दोन झाडे पुरेशी आहेत. कोरांटीला ऑक्टोबरनंतर पाणी फारसे लागत नाही. पिवळी काटेरी कोरांटी कुंपणालगत आणि जांभळी किंवा पांढरी बिनकाटेरी कोरांटी वाटेच्या कडेला लावावी, आणि बहर संपल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये ती जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावी, म्हणजे झुडूप उंच व पोकळ होत नाही. अबोली अधिक नाजूक असली तरी तिचे फळ मोठे आहे, कारण गंध नसूनही वेणीत दोन-तीन दिवस न कोमेजणारे तिचे फूल वर्षातील बहुतेक महिने मिळते. साधी अबोली बियांपासून येते. ‘दिल्ली’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गडद केशरी वाणाला मात्र बी धरत नाही, म्हणून तो पावसाळ्यात फाटे कलमाने वाढवावा लागतो. अबोलीची पाने पिवळी पडून झाड खुरटले, तर खत वाढवण्याआधी एक रोप उपटून मुळे पाहावीत: मुळांवर गाठी असतील तर तो सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतील अतिसूक्ष्म कृमींचा उपद्रव असतो. अशा वाफ्यात अबोली पुन्हा न लावता एक हंगाम झेंडू घ्यावा आणि निंबोळी पेंड मिसळावी. निशिगंधाचा मोह अनेकांना पडतो, पण त्याचे कांदे नवघरच्या पावसात सहज कुजतात. तो लावायचाच असेल तर कुंडीत लावून पावसाळ्यात छपराखाली ठेवावा.

इतके करूनही ज्यांना जिरेनियमच हवे असेल, त्यांनी कुंडीतील पेलार्गोनियम हंगामी पाहुणा म्हणून आणावे. नोव्हेंबरच्या सुरुवातीस निरोगी, आखूड पेऱ्यांचे रोप निवडून निचऱ्याच्या मातीत, म्हणजे निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू व खत अशा मिश्रणात, लावावे. सकाळचे ऊन मिळेल अशा पूर्वेकडच्या खिडकीत ठेवावे आणि वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. वाळलेले गुच्छ देठासह मोडून काढल्यास मार्चपर्यंत फुले येत राहतात. पुढच्या वर्षासाठी ते टिकवायचे असल्यास फेब्रुवारीतच दहा सेंटिमीटर लांबीचे शेंडे कापून, खालची पाने काढून, काही तास सावलीत सुकवून कोरडसर वाळूत लावावेत, आणि जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत त्या लहान कुंड्या पावसाचा एक थेंबही न लागेल अशा हवेशीर, उजेडाच्या जागी ठेवाव्यात. मातृझाड मात्र मे महिन्याच्या उकाड्यात बुंध्याशी काळे पडू लागले की ते काढून टाकावे, आणि त्या कुंडीतील माती दुसऱ्या पेलार्गोनियमसाठी न वापरता स्पायडर लिलीच्या वाफ्यात मिसळावी.